मागच्या सीटवरचे सासरे

२ फेब्रुवारी, सोमवार

काल व्यापारी संघाच्या हॉलमध्ये ‘वेळेचे नियोजन’ या विषयावर व्याख्यान होतं. फुकट होतं म्हणून गेलो. वक्त्याने सुरुवातीलाच विचारलं, “काल दुपारी तुम्ही काय करत होतात?” सगळे हसले. मीही हसलो आणि मग आठवायला लागलो. काही आठवेना! अख्खी दुपार गायब. मला चक्क घाम फुटला. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस मी, गाडी शिकवायची स्वतःची शाळा चालवतो, आणि कालची दुपार कुठे गेली ते मला सांगता येत नाही?

वक्ता म्हणाला, रोज डायरी लिहा. मोकळा वेळ दिसला की त्यात काम बसवा. दोन कामं एकत्र होत असतील तर वेगळी करू नका. म्हणून ही डायरी.

आता माझा वेळ जातो कुठे? माझ्याकडे दोन गाड्या. एक नवी पांढरी, तिच्यावर मी शिकवतो. दुसरी जुनी, तिला आम्ही म्हातारी म्हणतो, ती घरासमोर उभी असते. शिकवणारा मी एकटाच. आणि सोमवारी-गुरुवारी सासरेबुवांना हॉस्पिटलात सोडायचं. वर्षापूर्वी त्यांच्या किडन्या गेल्या, तेव्हापासून ते आमच्याकडेच आहेत. आठवड्यातून दोनदा यंत्रावर रक्त धुऊन घ्यावं लागतं, दर वेळी चार तास. यंत्र ठरलेल्या वेळेचं असतं, कारण त्यांच्यानंतर दुसऱ्याचा नंबर. डॉक्टरांनी हिला बजावलंय की एकही पाळी चुकवायची नाही, जिवाशी खेळ आहे. (ही म्हणजे बायको. स्वतःच्या डायरीत बायकोचं नाव कशाला लिहायचं.)

म्हणजे दर आठवड्याला दोन लेसन बुडतात. मी हिशेब केला आणि डोळे पांढरे झाले.

ही म्हणाली, “मला गाडी शिकवा. मी नेईन बाबांना.” हे ती लग्न झाल्यापासून म्हणते. म्हटलं, रविवारी बघू.

५ फेब्रुवारी, गुरुवार

सुचलं! आंघोळ करताना सुचलं आणि साबण हातातून निसटला.

सकाळचा लेसन बँकवाल्याचा असतो. बँकेत कॅशियर आहे, पन्नाशीचा, स्टिअरिंग असं धरतो की जणू कोणी हिसकावून नेणार आहे. त्याला रस्त्यावर सराव हवाच आहे. मग तो रस्ता हॉस्पिटलचा का नसावा? पुढे बँकवाला आणि मी, मागे सासरेबुवा. लेसनही झाला, सासरेबुवाही पोचले. दोन कामं एकत्र!

बँकवाल्याला सांगितलं तर त्याचा चेहरा पांढराफटक. “अहो, आजारी माणूस मागे? मला नाही जमणार.” म्हटलं, माझ्या बाजूला वेगळा ब्रेक आहे, वेगळा क्लच आहे, तुम्ही काय उलटवणार आहात? गाडी दोनदा बंद पडली, एकदा दुभाजकाच्या फार जवळ गेली. थोडा उशीर झाला. थोडाच.

सासरेबुवांनी खिडकीवरची मूठ एवढी घट्ट धरली होती की गेटवर मी त्यांची बोटं सोडवली. पण उतरताना म्हणाले, “छान चालवतात हो हे.” बँकवाला खूश झाला.

हिला तपशील सांगितला नाही. बायकांना पद्धत कळायला वेळ लागतो. पोचले का विचारलं, पोचले म्हटलं.

८ फेब्रुवारी, रविवार

आज हिला शिकवायचं ठरलं होतं. पण एका मुलीची मंगळवारी लायसन्सची टेस्ट आहे, तिने जादा लेसन मागितला. रविवारचा मोकळा वेळ होताच. हिला सांगितलं, पुढच्या रविवारी नक्की. मला वाटलं आता तोफखाना सुरू होणार. पण ती नुसतं “बरं” म्हणाली.

मी हादरलोच. बावीस वर्षांत ही एका शब्दावर कधी थांबली नव्हती. याचा अर्थ नियोजनाचा परिणाम घरातही दिसायला लागला.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज आश्चर्याचा धक्काच बसला. सासरेबुवा पाऊण तास उशिरा आत गेले. (बँकवाल्याने चौकात इंडिकेटर लावायच्या ऐवजी वायपर लावला आणि मागच्या ट्रकवाल्याने आमच्या सात पिढ्या काढल्या.) मी म्हटलं, आता दुपारी न्यायला आल्यावर पाऊण तास गेटवर ताटकळायला लागणार. तर हे ठरल्या वेळी बाहेर हजर! म्हटलं, “मामा, झालं पण?” म्हणाले, “हो. पुढचा माणूस थांबलेला असतो ना.”

म्हणजे चार तासांचं काम सव्वातीनमध्ये! मग इतके दिवस चार तास कशाला लावत होते? वक्ता म्हणाला होताच, जितका वेळ द्याल तितकं काम पसरतं. हॉस्पिटलातसुद्धा तेच. मी थक्क झालो.

१६ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी घरात गोंधळ. सासरेबुवांच्या पायात बूट जाईनात. आठवड्यापूर्वी सैल होते, आज आवळले. मी म्हटलं, धुतल्याने आटले असतील. ते हसले आणि चपला घालून निघाले. रात्री उशा जास्त मागतात, बसून झोपतात. वय झालं की माणसाला नवे नवे नाद लागतात.

हिची डावी पोटरी दुखतेय. फक्त डावी. म्हटलं जिन्यावरून पाय मुरगळला असेल. “असेल,” म्हणाली.

आज दुपारच्या लेसनला रस्त्यात जाम वैतागलो. पलीकडच्या चौकातल्या बाईंची हिरवी गाडी समोर. त्या बाई माझ्या धंद्यातल्या एकमेव प्रतिस्पर्धी. त्यांच्या गाडीत कोणी तरी काळा चष्मा लावलेली, डोक्याला स्कार्फ बांधलेली शिकाऊ बाई होती. गोगलगायीच्या वेगाने चालली होती. मी खिडकीतून ओरडलो, “अहो ताई, क्लच सोडा, तो काही पळून जात नाही!” बाईने मानही वळवली नाही. काय एकेक विद्यार्थी घेतात लोक.

संध्याकाळी ही माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. पोटरी दुखत असणार.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

हॉस्पिटलच्या गेटापाशी चढ आहे. बँकवाल्याला चढ म्हणजे साक्षात काळ. गाडी मागे मागे यायला लागली, मागून हॉर्नचा वर्षाव, मी माझा ब्रेक दाबून बसलो आणि त्याला म्हटलं, परत करा, परत करा, इथेच तुम्ही तयार होणार. तो घामाघूम. पाचव्यांदा बंद पडली तेव्हा सासरेबुवा मागून म्हणाले, “जावईबापू, मी उतरून चालत जाऊ का? तेवढंच लवकर पोचेन.”

मी हो म्हटलं. तेवढाच त्यांना व्यायाम. मग चढ जमेपर्यंत आम्ही तिथेच होतो. वर पाहिलं तर ते अजून गेटाशी पोचले नव्हते. दर चार पावलांनी भिंतीला हात लावून थांबत होते. जरा वाईट वाटलं. पण बँकवाल्याला चढ जमला! त्याने मला मिठीच मारली.

फोनबद्दलही एक नियम केला. लेसन चालू असताना फोन आवाज बंद करून डॅशबोर्डच्या कप्प्यात. एकेक फोन म्हणजे पाच मिनिटं खलास.

२५ फेब्रुवारी, बुधवार

जेवताना हिने विचारलं, “चढावर गाडी मागे जायला लागली तर आधी काय करायचं? हँडब्रेक सोडायचा की क्लच?” मी घास घेता घेता थांबलो. तुला काय करायचंय म्हटलं. म्हणाली, सहज. मग मी नीट समजावून सांगितलं: हँडब्रेक ओढलेलाच ठेवायचा, क्लच हळूहळू वर आणायचा, गाडीचं नाक जरा उचललं की मग सोडायचा. ती ताट बाजूला सारून ऐकत होती. सासरेबुवाही ऐकत होते. त्यांचं जेवण तसंच पडलं होतं. हल्ली चार घासांत धाप लागते त्यांना.

१ मार्च, रविवार

लिहिता येत नाहीये. पण लिहिणार, नाहीतर डोकं फुटेल.

सकाळी बँकवाल्याचा जादा लेसन. मोठ्या चौकात लाल सिग्नलला उभे होतो. डावीकडून हॉर्नचा आवाज आला, थांबेचना. पाहतो तर आमची म्हातारी! दिवे लावलेले, टपावर माझ्याच शाळेची पाटी. मी ओरडलो, “अरे माझी गाडी! चोरली! घ्या, तिच्या मागे घ्या!” आणि बिचाऱ्या बँकवाल्याने खरंच गिअर टाकला.

म्हातारी आमच्या नाकासमोरून वळली तेव्हा मी आत पाहिलं. स्टिअरिंगवर ही होती.

ही. माझी बायको. जिला गाडीचा दरवाजासुद्धा दोनदा आपटावा लागतो. तिच्या शेजारच्या सीटवर सासरेबुवा, मान मागे टाकलेली, तोंड उघडं, मासा पाण्याबाहेर काढल्यासारखं. हिने मला पाहिलं. नक्की पाहिलं, डोळ्याला डोळा भिडला. थांबली नाही. तिने समोर बघितलं, खालचा गिअर टाकला आणि हॉस्पिटलच्या रस्त्याला लागली.

आमची गाडी चौकाच्या मधोमध बंद पडली. मी बँकवाल्याला वाट्टेल ते बोललो. मग खाली बघितलं तर माझा पाय माझ्या ब्रेकवर होता, पूर्ण दाबलेला. मीच थांबवली होती.

कप्प्यातून फोन काढला. हिचे मिस्ड कॉल, एकाखाली एक, पडदा भरून.

बाकी उद्या.

२ मार्च, सोमवार

आहेत. सासरेबुवा आहेत. हे आधी लिहितो.

काल पोचलो तेव्हा त्यांना ऑक्सिजन लावून आत नेलं होतं. ही बाकावर बसली होती, मांडीवर म्हातारीची किल्ली. मी म्हटलं, “तू? गाडी? कशी?” तेवढ्यात तरुण डॉक्टरीण बाहेर आली. फुप्फुसात पाणी भरलंय म्हणाली. अजून जरा उशीर झाला असता तर आम्ही काही करू शकलो नसतो, असंही म्हणाली.

“पण यंत्राची तर एकही पाळी चुकवली नाही,” ही म्हणाली.

“चुकवली नाही, पण एकही पुरी झालेली नाही. उशिरा येतात आणि पुढच्या पेशंटसाठी वेळेवर उतरवावं लागतं. अंगातलं पाणी निघायला चार तास लागतात, ते अंगातच राहिलं. तुम्हाला पाय सुजलेले दिसले नाहीत?”

सव्वातीन तास. मीच लिहिलंय ते, वर, उद्गारवाचक चिन्हासकट.

ही माझ्याकडे वळली. “उशिरा? तुम्ही तर लेसन सोडून नेत होतात ना?”

मी काही तरी बोललो असतो. काय ते मलाही ठाऊक नाही. पण मागे बँकवाला उभा होता, त्याला चौकातच उतरवून मी गाडी घेऊन निघालो होतो, तो टॅक्सी करून माझ्यामागोमाग आला होता. भला माणूस. रडवेला होऊन म्हणाला, “वहिनी, चूक माझी आहे. माझ्याच्याने चढ लवकर जमत नव्हता. आजोबा बिचारे रोज मागे बसायचे, कधी एका शब्दाने ओरडले नाहीत.”

हिला आधी कळलंच नाही. मग कळलं. मी तिचा चेहरा पाहिला आणि मला वाटलं आता ही मला मारणार, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं.

“माझ्या बाबांना तुम्ही शिकाऊ गाडीत बसवून आणत होतात?”

“वेळ वाचत होता.”

“कुणाचा?”

 

६ मार्च, शुक्रवार

सासरेबुवा घरी आले. बूट परत सैल झालेत.

ही आता बोलते, पण कामापुरतं. आज धीर करून विचारलं, गाडी कुठे शिकलीस. म्हणाली, “पलीकडच्या चौकातल्या ताईंकडे. महिना झाला.” हिरवी गाडी! काळा चष्मा! मी खिडकीतून काय ओरडलो होतो ते आठवलं.

“मला सांगायचंस तरी.”

“काय सांगायचं? माझ्याच नवऱ्याच्या शाळेत मला प्रवेश मिळत नाही म्हणून?” आणि मग पहिल्यांदाच तिचा आवाज फुटला. “त्या ताईंनी मला विचारलं, घरीच शाळा असताना इकडे कशाला आलात? मी म्हटलं, ते फार बिझी असतात. किती अभिमानाने सांगितलं मी. बाबांना ते स्वतः नेतात, लेसन बुडवून नेतात, म्हणून त्यांना वेळ नाही, असं सांगितलं मी त्यांना.”

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभा राहिलो. पाणी वाया जात होतं, बंद करायचं सुचेना.

१० मार्च, मंगळवार

हिची टेस्ट होती. मी येऊ का विचारलं. नको म्हणाली. तरी गेलो, मैदानाच्या कुंपणाबाहेर झाडाआड उभा राहिलो चोरासारखा. माझे निम्मे विद्यार्थी जिथे पडतात त्या आठच्या आकड्यातून ही अशी बाहेर आली की इन्स्पेक्टरने मान वर करून पाहिलं. मी इतकी वर्षं शिकवतोय. इतकी स्वच्छ वळणं मी फार थोड्यांची पाहिली आहेत, आणि हिचं एकही वळण मी शिकवलेलं नाही.

हिरव्या गाडीवाल्या बाईंनी तिला कडकडून मिठी मारली. मी तिथूनच परतलो.

संध्याकाळी हिने फर्मान काढलं. “सोमवार-गुरुवार गाडी मी चालवणार. तुम्ही बाबांबरोबर आत जायचं. आत बसायचं. पूर्ण चार तास.” म्हटलं, आत बसून मी काय करू? म्हणाली, “काही नाही करायचं.”

१२ मार्च, गुरुवार

वेळेच्या आधी पोचलो. ही चढ एका दमात चढली. सासरेबुवा पुढच्या सीटवर होते आणि त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते.

वर्षभरात मी त्या खोलीत कधी गेलो नव्हतो. गेटवरून परत फिरायचो. आत ओळीने खुर्च्या, प्रत्येकाशेजारी यंत्र. सिस्टरनी त्यांच्या हातात दोन सुया घातल्या, एवढ्या जाड, की मी भिंतीकडे पाहिलं. मग त्यांचं रक्त नळीतून बाहेर यायला लागलं. नळीला चुकून माझा हात लागला. गरम होती. मला धक्काच बसला, ती गरम असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. हे सगळं मी उरकून घ्यायला निघालो होतो.

जवळपास दोन तासांनी सिस्टर आकडे बघायला आल्या. वयस्क बाई, बोलायला फटकळ. मला म्हणाल्या, “तुम्ही कोण यांचे?”

“जावई.”

“बरं झालं भेटलात. त्या टॅक्सीवाल्याला आधी हाकला.”

“कुठला टॅक्सीवाला?”

“आजोबांना आणायचा तो! रोज उशीर, रोज उशीर. आम्ही आजोबांना किती रागावलो, घरून कोणाला तरी बोलवा म्हटलं. तर हे म्हणायचे, पोरगा नवीन आहे, शिकतोय, त्याचं पोट आहे त्यावर. एकदा तर मी गेटवर जाऊन त्याला झापणारच होते, यांनी माझा हात धरून ठेवला. सुया लावलेल्या असताना! अहो, माणूस मारला असता त्याने. नंबर आहे का त्याचा तुमच्याकडे? मी बोलते.”

सासरेबुवांकडे पाहिलं. डोळे मिटून झोपलेले होते, पण पापण्या हलत होत्या. डोळे न उघडताच म्हणाले, “सोडून दिलं सिस्टर त्याला. आता माझी लेक आणते.”

“बरं केलंत,” म्हणाल्या आणि पुढच्या खुर्चीकडे गेल्या.

मी खाली वाकून म्हटलं, “मामा, माझं नाव का नाही सांगितलंत?”

त्यांनी एक डोळा उघडला. “जावयाचं नाव सांगितलं असतं तर त्यांनी घरी फोन केला असता. फोन लेकीने उचलला असता.” जरा दम घेतला. “लेकीचा संसार आहे हो. माझे काय, किती दिवस राहिलेत. तिला तर तुमच्याबरोबर राहायचंय.”

मला रडू आलं. आवरेना. एवढा मोठा बाप्या मी, सगळ्या पेशंटांसमोर तोंडावर रुमाल धरून हुंदके देत होतो. सिस्टर परत आल्या. माझ्या पाठीवर हात ठेवला आणि आवाज एकदम मऊ करून म्हणाल्या, “घाबरू नका, आता बरे आहेत ते. जावई असून इतका जीव लावता, काम सोडून येऊन बसता. नशीबवान आहेत आजोबा.”

तेही मी ऐकून घेतलं. अजून दोन तास बाकी होते.